वाकड्या पायांचे पिल्लू आणि नाशिकचा एक दवाखाना: नऊ महिन्यांचा अनुभव

गंगापूर रोडवरील ज्या लहानशा पशुवैद्यकीय दवाखान्याविषयी मी हे लिहीत आहे, त्याचे नाव येथे दिलेले नाही, आणि ही तेथील डॉक्टरांचीच विनंती आहे. मागे एकदा कोणीतरी कौतुकाने नाव-पत्त्यासह लिहिले आणि पुढचे दोन महिने दवाखान्याच्या पायरीवर सकाळी बुटांची खोकी सापडत राहिली, प्रत्येकात दोन-तीन पिल्ले. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना नाशिकमध्ये मांजरे पाळणारे कोणीही पत्ता सांगेल. लसीकरण, नखे कापणे किंवा केसांची निगा या सेवांचे मूल्यमापन मी येथे करत नाही. जन्मतःच व्यंग असलेल्या पिल्लाला जगवायचे की दयामरण द्यायचे हे ठरवण्यासाठी मला ज्या मदतीची गरज होती ती येथे किती व कशी मिळाली, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

आमची मनी ही मुळात सोसायटीची मांजर. गेल्या डिसेंबरच्या मध्यावर, नाशिकच्या ऐन थंडीत, ती आमच्या माळ्यावर ठेवलेल्या जुन्या गोधड्यांत व्याली. चार पिल्ले होती. त्यांपैकी दोन धडधाकट होती. तिसऱ्याचे पुढचे दोन्ही पाय कोपरापासून आत वळलेले होते, इतके की पंजे एकमेकांकडे तोंड करून राहत आणि पिल्लू सरकताना पंजांऐवजी कोपरांवर रेटा देई. चौथी राखाडी रंगाची, दिसायला सर्वांत देखणी, पण लहानखुरी. तिला आम्ही भुरी म्हणू लागलो. घरात जी चर्चा झाली ती सगळी त्या वाकड्या पायांच्या पिल्लाची झाली, भुरीकडे कोणाचे लक्षच नव्हते, आणि या साऱ्या प्रकरणात माझी पहिली चूक तीच होती.

दवाखाना निवडण्यापूर्वी मी शहरातील दुसऱ्या एका ठिकाणी पिल्लाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवले होते. चार मिनिटांत उत्तर आले, "घेऊन या, इंजेक्शन देऊन टाकू, उगाच हाल नकोत." पिल्लू दूध पिते का, वजन किती आहे, झोपते का, यांपैकी एकही प्रश्न त्या उत्तरात नव्हता. माझ्या यजमानांचे मतही साधारण तसेच होते, कारण ते पिल्लू सरपटताना त्यांना बघवत नव्हते. तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आपल्याला बघवत नाही म्हणून त्याला मारायचं का रे? त्याला विचारलंस का, त्याला जगवतंय का ते?" त्यांनीच त्याचे नाव अष्टावक्र ठेवले, त्याचे लवकरच अष्टू झाले, आणि नाव ठेवले गेल्यावर आमच्या घरात कोणताही प्राणी परका राहत नाही हे यजमानांना पक्के ठाऊक होते.

जन्मानंतरच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मी चारही पिल्ले मनीसह टोपलीत घालून या दवाखान्यात नेली. फक्त व्यंग असलेलेच पिल्लू आणावे असा माझा विचार होता, पण डॉक्टरांनी फोनवरच सांगितले, "सगळी आणा, आणि आईलाही आणा. एकट्या पिल्लावरून मला काही कळत नाही." टोपलीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवण्याची सूचनाही त्यांचीच. पहिल्या आठवड्यात पिल्लांना अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही, त्यांच्या शरीराचे तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि त्याखाली गेलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते पचतच नाही, म्हणून आधी ऊब आणि मग दूध, हा क्रम त्यांनी त्या पहिल्याच फोनवर मला दोनदा म्हणायला लावला.

तपासणी चाळीस मिनिटे चालली. प्रत्येक पिल्लाचे वजन प्रथम झाले, सोनाराच्या दुकानात असतो तशा छोट्या काट्यावर. दोन धडधाकट पिल्ले १२६ आणि १३१ ग्रॅम भरली, अष्टू ११२ ग्रॅम, आणि भुरी ७८ ग्रॅम. मांजराचे पिल्लू जन्मतः साधारण ९० ते ११० ग्रॅमचे असते आणि रोज १० ते १५ ग्रॅमने वाढायला हवे, तेव्हा भुरीचा आकडा ऐकून डॉक्टरांनी अष्टूला टोपलीत परत ठेवले आणि भुरीला उचलले. करंगळीने तिचा खालचा जबडा हळूच दाबून त्यांनी तोंडात पेनाएवढ्या टॉर्चचा प्रकाश टाकला आणि मला वाकून बघायला सांगितले. गुलाबी टाळूच्या मधोमध मागपर्यंत गेलेली एक बारीक काळी रेघ दिसत होती. ती रेघ म्हणजे फट होती. मग त्यांनी भुरीला मनीच्या पोटाशी लावले. तिने स्तनाग्र धरले, दोनतीनदा चोखले, आणि तिच्या नाकपुडीतून दुधाचा पांढरा बुडबुडा बाहेर आला, फुटला, पुन्हा आला. मी तीन दिवस ते पिल्लू पाहत होते आणि तो बुडबुडा माझ्या नजरेतून सुटला होता.

दुभंगलेली टाळू म्हणजे काय हे त्यांनी जसे समजावले तसे मला कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालेले नाही. तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा जुळलेला नसल्यामुळे चोखण्यासाठी लागणारी पोकळी तोंडात तयार होत नाही, पिल्लू उपाशी राहते, आणि जे थोडे दूध तोंडात येते ते नाकात आणि तेथून फुफ्फुसात उतरण्याची भीती असते. उपाय नाही असे नाही. नळीने थेट पोटात दूध घालत पिल्लाला तीन-चार महिन्यांचे करायचे, मग शस्त्रक्रिया करून फट शिवायची, आणि टाके सुटल्यास पुन्हा करायची. ज्यांनी हे निभावून नेले अशी कुटुंबे त्यांनी पाहिली आहेत आणि त्या मांजरांचे पुढचे आयुष्य चांगले गेले आहे, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत. मात्र भुरीची फट मऊ टाळूपर्यंत गेलेली होती, वजन आधीच घटलेले होते आणि छातीत दूध गेले आहे की नाही हे त्या दिवशी निश्चित सांगता येत नव्हते.

येथे या दवाखान्याचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले वैशिष्ट्य येते. मी सरळ विचारले, "डॉक्टर, तुम्ही काय कराल?" त्यांनी उत्तर दिले नाही, पण प्रश्न टाळलाही नाही. त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, "आज ठरवायचं नाही. शनिवारी ठरवायचं. पण कशावरून ठरवायचं ते आजच लिहून ठेवू, कारण शनिवारी तुम्ही रडत असाल आणि रडताना निकष ठरवता येत नाहीत." मग आम्ही दोघींनी मिळून चार ओळी लिहिल्या. नळीने दूध देऊनही वजन तीन दिवसांत वाढले नाही तर. श्वासाला घरघर लागली तर. पोट भरलेले आणि अंग उबदार असूनही पिल्लू सतत केकाटत राहिले तर. आणि आम्हाला रात्री दर दोन-तीन तासांनी उठून नळी घालणे जमले नाही तर. या चौथ्या ओळीला मी हरकत घेतली, कारण माझ्या झोपेपायी पिल्लाचा जीव जावा हे मला लाजिरवाणे वाटले. त्या म्हणाल्या, "लाज बाजूला ठेवा. थकलेल्या माणसाने घाईत घातलेली नळी श्वासनलिकेत गेली तर पिल्लू बुडूनच मरतं. तुमची ताकद हाही तिच्या उपचारांचाच भाग आहे."

त्या कागदाच्या मागच्या बाजूला एक छापील तक्ता होता. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी २००४ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी आहे. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे, आणि बेरीज ३५ च्या वर राहिली तर जगणे सुसह्य मानायचे. जगभर अनेक दवाखाने हा तक्ता देतात, बहुतेकांच्या हातून तो जसाच्या तसा दिला जातो. येथे मात्र डॉक्टरांनी त्यातील 'आनंद' आणि 'हालचाल' या दोन ओळींवर पेनाने काट मारली होती. तक्ता मुळात म्हाताऱ्या, कर्करोग झालेल्या प्राण्यांसाठी केलेला आहे. तीन दिवसांचे पिल्लू, ज्याचे डोळेही उघडलेले नाहीत आणि जे दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच असते, त्याला हालचालीचे किती गुण द्यायचे? शिवाय म्हातारे जनावर उताराला लागलेले असते, तर पिल्लू रोज वाढत असते आणि आज जे येत नाही ते पुढच्या महिन्यात येऊ शकते. त्या दोन ओळींच्या जागी त्यांनी 'वजन' आणि 'झोप' असे लिहिले होते. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटला. अष्टूला मूळ तक्त्यातील हालचालीचे गुण दिले असते तर तो पहिल्याच आठवड्यात नापास झाला असता.

नळी घालायला त्यांनी मला शिकवले. नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत अंतर मोजायचे, त्याच्या पाऊण लांबीवर नळीला पेनाने खूण करायची, पिल्लाला पालथेच धरायचे, माणसाच्या बाळासारखे उताणे कधीच नाही, आणि एका वेळी तीन मिलिलीटरहून जास्त द्यायचे नाही. गाईचे दूध चालत नाही, त्यात पिल्लांना लागतात तेवढी प्रथिने आणि चरबी नसते, म्हणून मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर घ्यावी लागते. पहिल्या तीन वेळा माझे हात थरथरत होते, आणि त्या तिन्ही वेळा त्यांनी मला पुन्हा करायला लावले. त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

गुरुवारी भुरी ८० ग्रॅम झाली आणि आमच्या घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. शुक्रवारी ७९. शुक्रवारी रात्री दोनच्या सुमारास नळी घालण्यासाठी तिला हातात घेतले तेव्हा तिच्या छातीतून, पातेल्यात दूध उतू जाण्यापूर्वी जसा बारीक आवाज येतो, तसा आवाज येत होता. मी दवाखान्याच्या क्रमांकावर फोन केला. तो वाजत राहिला. तातडीचा म्हणून दिलेला दुसरा क्रमांक बंद होता. सकाळी नऊला दवाखाना उघडेपर्यंतचे सात तास मी तिला ब्लाउजच्या आत उबेला धरून बसले होते, आणि त्या सात तासांत तिचे जे हाल झाले त्यांची जबाबदारी मी या दवाखान्यावर टाकते. एवढे चांगले निकष लिहून देणाऱ्यांनी, ते निकष मध्यरात्री पुरे झाले तर काय करायचे, ही पाचवी ओळही लिहायला हवी होती. मी हे डॉक्टरांना नंतर तोंडावर सांगितले. त्यांनी सबब सांगितली नाही. आता अशा प्रत्येक कुटुंबाला त्या रात्रीपुरता स्वतःचा क्रमांक देतात, असे मला तेथील दुसऱ्या एका बाईंकडून कळले.

शनिवारी सकाळी काट्यावर ७४ ग्रॅमचा आकडा आला. कागद टेबलावर ठेवला, चारपैकी दोन ओळी पुऱ्या झाल्या होत्या, आणि मी खरोखरच रडत होते. चर्चा झाली नाही, कारण ती बुधवारीच झालेली होती. संमतिपत्र मराठीत होते आणि त्यावर 'दयामरण' हाच शब्द होता. 'झोपवणे' हा शब्द डॉक्टर वापरत नाहीत, कारण घरी गेल्यावर लहान मुले झोपायला घाबरतात. आधी भूल दिली. एवढ्या लहान जिवाची शीर सापडत नाही, म्हणून पुढचे औषध पोटात टोचावे लागते आणि त्याला काही मिनिटे लागतात, ही कल्पना त्यांनी आधीच दिली होती, त्यामुळे वेळ लागला तेव्हा मी घाबरले नाही. त्या वेळात भुरी माझ्याच तळहातावर होती. तिचा खालचा ओठ एकदा हलला, चोखताना हलतो तसा. मग डॉक्टरांनी बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ठेवला आणि नुसती मान हलवली.

हे सगळे इतक्या हळुवारपणे झाल्यावर बाहेरच्या खोलीत मदतनीस मुलाने मोठ्याने विचारले, "ते मारायचं पिल्लू कोणाचं? त्यांचं बिल झालंय." खोलीत सहा माणसे आणि तीन कुत्री होती. तो मुलगा वाईट नाही, नंतर अष्टूला खांद्यावर घेऊन फिरताना मी त्याला पाहिले आहे, पण त्या एका वाक्यासाठी मी अर्धा तारा कापत आहे आणि तो परत देणार नाही.

जाता जाता कायद्याचे सांगते, कारण सोसायटीत मला दोन्ही टोकांचे सल्ले मिळाले. एक म्हणत होते की मांजर मारणे पाप तर आहेच, पण गुन्हाही आहे, आणि काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते. दुसरे म्हणत होते की पूर्वी पोत्यात घालून गोदावरीच्या पलीकडे सोडत, त्यात काय एवढे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने ठार मारणे हा गुन्हा आहे, त्यामुळे पोते, बादली आणि उपाशी सोडून देणे हे तिन्ही मार्ग बंद आहेत. असाध्य यातना भोगणाऱ्या प्राण्याला पशुवैद्याने भूल देऊन दिलेले मरण ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे.

अष्टूच्या बाबतीत याच दवाखान्याने नेमके उलटे केले, म्हणजे जवळजवळ काहीच केले नाही. पहिल्या दिवशी त्याचे पाय हळूच ताणून पाहिले, तो केकाटला नाही, पुन्हा दूध शोधायला लागला, आणि डॉक्टर म्हणाल्या, "याला दुखत नाहीये. याचे पाय वाकडे आहेत हे आपल्याला दिसतं, त्याला माहीतच नाही." कोपरापासून मनगटापर्यंत जी दोन हाडे असतात त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड खुरटलेले किंवा मुळातच नसणे, असे हे व्यंग आहे. मी एक्स-रे काढण्याचा आग्रह धरला तेव्हा, पाच आठवड्यांचा होईपर्यंत हाडे नीट दिसणार नाहीत आणि दिसली तरी आजचा निर्णय त्याने बदलणार नाही, असे सांगून त्यांनी माझे पैसे वाचवले. पाचव्या आठवड्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंचे ते हाड जवळजवळ नव्हतेच. शस्त्रक्रिया करता येईल का या प्रश्नाला, या वयात दिवसातून चार-पाच वेळा हलका ताण द्या, त्याने स्नायू आखडणार नाहीत, आणि शस्त्रक्रियेच्या नादी लागू नका, असे स्पष्ट उत्तर मिळाले.

त्याच्यासाठीही निकषांचा कागद झाला, पण त्याला शनिवार नव्हता. कालनिर्णयवर रोज रात्री खूण करायची, बऱ्या दिवसाला टिकली आणि वाईट दिवसाला फुली, आणि महिन्याने कॅलेंडर घेऊन यायचे. बरा दिवस म्हणजे कोणता हेही ठरलेले होते: स्वतःहून खाल्ले, स्वतःहून खेळला, कोपरांना जखम नाही. जानेवारीत सहा फुल्या आहेत, त्यांतील चार कोपरांवरची कातडी सोलली म्हणून. सासूबाईंनी जुन्या सतरंज्या शिवून साऱ्या घरभर पायघड्या घातल्या आणि फेब्रुवारीत एकच फुली आली, तीही त्याने माझा ओव्याचा डबा पाडून खाल्ला म्हणून यजमानांनी रागाने मारलेली. मार्चनंतर आम्ही खुणा करणे विसरलो. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी कार्डावर तारीख घालून 'कॅलेंडर बंद' असे लिहिले.

दर भेटीला थांबावे लागे, त्यामुळे बाहेरच्या खोलीतही बरेच शिकायला मिळाले. एक काका आपली पांढरी मांजर घेऊन येत. ती चालताना दारू प्यायल्यासारखी झुलते, खायला मान खाली नेली की डोके जोरजोरात हलू लागते, आणि स्वस्थ बसली की सगळे थांबते. आई गाभण असताना तिला एका विषाणूचा संसर्ग झाला तर पिल्लाच्या लहान मेंदूची वाढ अपुरी राहते, त्याचा हा परिणाम. हा आजार पुढे वाढत नाही, त्यात वेदना नसतात आणि सौम्य असेल तर मांजर पुरे आयुष्य जगते. काकांनी तिच्यासाठी जड बुडाची पसरट वाटी आणि रबरी पायपुसणे केले आहे, बाकी काही नाही. याउलट, एका घरी पाठीच्या कण्याचे व्यंग घेऊन जन्मलेले, दिसायला फक्त शेपूट नसलेले पिल्लू होते. त्याला लघवी-शौचावर ताबाच नव्हता, मूत्राशय दिवसातून तीनदा हाताने रिकामे करावे लागे आणि संसर्ग हटत नव्हता. त्या घरातल्या मुलींनी पाच महिने केले आणि मग दयामरण दिले. दोन्ही घरांना डॉक्टरांनी एकाच शांतपणाने मदत केली, कोणाला शाबासकी नाही आणि कोणाला बोल नाही.

कारणांबाबत मात्र त्या शांत नव्हत्या. मनीला गाभणपणात काही औषध दिले होते का, असे त्यांनी पहिल्याच दिवशी खोदून विचारले होते. चौकशी केल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितले की तिला गजकर्ण झाले होते म्हणून त्यांनी स्वतःच्या उरलेल्या गोळ्या मासळीत घालून तिला आठवडाभर दिल्या. गोळ्या ग्रिसिओफुल्विनच्या होत्या. गाभण मांजरीला हे औषध देऊ नये, त्याने पिल्लांत टाळू दुभंगण्यासह अनेक व्यंगे येतात, हे पशुवैद्यांना ठाऊक आहे, औषधाच्या दुकानदाराला नसते आणि काकूंना असण्याचे काही कारणच नव्हते. भुरीचे त्यामुळेच झाले असे डॉक्टर छातीठोकपणे म्हणाल्या नाहीत, आणि अष्टूचे व्यंग अनुवांशिकही असू शकते, म्हणून मनीची आणि सहा महिन्यांचा झाल्यावर अष्टूची अशा नसबंदीच्या दोन्ही शस्त्रक्रिया त्यांनी करूनच घ्यायला लावल्या. टेक्सासमध्ये १९९० च्या दशकात असे खुरट्या पायांचे मांजर गोंडस दिसते म्हणून त्यांची मुद्दाम पैदास केली गेली होती, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले आणि अंगावर काटा आला. बौनेपणा आणि दात नसलेला लहान जबडा घेऊन जन्मलेली लिल बब ही मांजर किंवा दोन तोंडांचा, तरीही १५ वर्षे जगलेला फ्रँक अँड लुई हा बोका, यांची छायाचित्रे आपण मोबाइलवर कौतुकाने पाहतो. त्यांच्यामागे रोज राबणारे घर त्या छायाचित्रांत दिसत नाही.

आता व्यवहाराचे. पहिल्या तपासणीचे ५०० रुपये झाले, चार पिल्ले आणि मांजर मिळून. पुढील प्रत्येक भेटीचे ३००, एक्स-रेचे ८००, दयामरणाचे १,५००. हे दर मला वाजवी वाटले. मात्र तीन बिलांत 'किरकोळ' या नावाने १५० ते ३५० रुपये लावलेले आहेत आणि किरकोळ म्हणजे काय हे विचारल्यावर दरवेळी वेगळे उत्तर मिळाले. वेळ घेऊन गेले तरी पाऊण तास थांबावे लागते. मांजरांना बसायला वेगळी जागा नाही, त्यामुळे समोर एखादा लॅब्राडोर धापा टाकत असताना टोपलीवर पंचा घालून बसण्यावाचून गत्यंतर नसते. रविवारी दवाखाना बंद असतो. गाडी लावायला जागा नाही.

एक इशाराही द्यायला हवा. ज्यांना डॉक्टरांनी 'हे करा' असे एका वाक्यात सांगावे असे वाटते, त्यांना हा दवाखाना मानवणार नाही. माझ्या नणंदेने आपल्या बोक्यासाठी येथे एकदा येऊन पाहिले आणि "डॉक्टरांनाच काही ठरवता येत नाही" असे म्हणत ती दुसरीकडे गेली. तिचा राग मला समजतो. अर्धवट झोपेत, हातात तडफडणारा जीव असताना, कोणीतरी निर्णयाचे ओझे उचलून घ्यावे असे वाटणारच. या डॉक्टर ते ओझे उचलत नाहीत, फक्त ते आधी मोजून देतात.

पाचपैकी चार तारे. अर्धा मदतनिसाच्या वाक्यासाठी गेला आणि अर्धा त्या शुक्रवारच्या रात्रीसाठी.

अष्टू आता नऊ महिन्यांचा आहे आणि गेल्या मंगळवारी ३ किलो १०० ग्रॅम भरला. वजन याहून फार वाढू द्यायचे नाही, सगळा भार कोपरांवर येतो. तो मागच्या पायांवर खारीसारखा ताठ बसतो, तसाच टुणकन पलंगावर चढतो, पण उतरताना तोंडावर आपटतो, म्हणून पलंगाला दोन उशांची पायरी केली आहे आणि सगळ्या खिडक्यांना जाळी लावली आहे. पुढची नखे जमिनीला घासत नाहीत आणि वाढून आत वळतात, त्यामुळे दर तीन आठवड्यांनी ती कापायला त्याला याच दवाखान्यात न्यावे लागते. त्याचे १५० रुपये होतात, आणि त्या बिलावर 'किरकोळ' अजून तरी आलेले नाही.